कुंभाराचं गाढव आणि मोडलेलं हाड



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'हाडांच्या एका चिनी औषधाचा इतिहास' असा छापला आहे. सभागृहात शिरताना एका जुन्या स्नेह्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हाडांशी तुमचा संबंध काय?" मी म्हटलं, वयाच्या सत्तरीनंतर प्रत्येकाचा हाडांशी संबंध येतो. (हशा) पण हा विषय मी घेतला तो त्याच्यात एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दडलेला आहे म्हणून. माणूस बरा झाला, तर तो कशानं बरा झाला हे आपल्याला कसं कळतं? मोडलेल्या हाडाइतकं या प्रश्नाला चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

सुरुवात नावापासून करू. चीनमध्ये एक नेचा आहे, फर्न म्हणतो ना आपण, तो. झाडांच्या खोडांवर, खडकांवर वाढतो. जमिनीत मुळं न रोवता दुसऱ्याच्या अंगाखांद्यावर राहतो. त्याचं खोड आल्याच्या कुडीसारखं, पण वर तपकिरी केसांची लव. म्हणून त्याचं जुनं नाव 'माकडआलं'. औषधात हे लवदार खोडच वापरतात. लव भाजून काढतात, काप करून वाळवतात. याचं प्रसिद्ध नाव मात्र वेगळं आहे: कू-स्वे-बू. रोमन लिपीत पहिलं अक्षर 'जी'नं लिहितात, पण मराठी सभेत मी 'कू'च म्हणणार, आणि सुदैवानं चिनी उच्चारही त्याच्याच जवळचा आहे. (हशा) कू म्हणजे हाड. स्वे म्हणजे चुरा झालेलं, फुटलेलं. बू म्हणजे दुरुस्त करणं. कपड्याला ठिगळ लावतात, त्यालाही हाच शब्द. तेव्हा कू-स्वे-बू म्हणजे फुटक्या हाडाचं ठिगळ.

हे नाव कुठून आलं? थांग राजवटीत छन त्साङ-छी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्यानं ७३९ साली वनौषधींवर ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पती राहून गेल्या त्यांची भर घालणं हा त्याचा हेतू. तो म्हणतो, या वनस्पतीचं मूळ नाव माकडआलं. ती मोडतोड भरून काढते, फुटलेलं हाड सांधते, म्हणून सम्राटानं तिला हे नाव दिलं. सम्राट म्हणजे श्वेन-त्सुङ, छन वैद्याच्याच काळातला. म्हणजे हे नाव नाही, हा राजमान्य दावा आहे. औषधाच्या नावातच त्याचा गुण घालून ठेवला की पुढच्या हजार-बाराशे वर्षांत शंका घेणाऱ्याला नावाशीच भांडावं लागतं. आपल्याकडे 'हाडजोड' म्हणतो त्यातही हेच झालं आहे. त्याच्याकडे मी येतोच.

सोळाव्या शतकात ली शृ-चन यानं आपला प्रचंड वनौषधीकोश १५७८ मध्ये पुरा केला, तो छापून आला १५९६ साली. तोपर्यंत या माकडआल्याकडे कितीतरी कामं आली होती. मोडलेली हाडं तर होतीच. शिवाय हलणारे दात, कानातला आवाज, जुना अतिसार. ही यादी वरवर विचित्र वाटते. दात, कान आणि हाडं यांचा मेळ काय? मेळ चिनी वैद्यकाच्या सिद्धान्तात आहे. त्यांच्या मते हाडांचा धनी मूत्रपिंड. दात म्हणजे हाडांचा उरलेला अंश. आणि कान हे मूत्रपिंडाचं द्वार. मग एक औषध मूत्रपिंडाचं ठरलं की ही सगळी कामं आपोआप त्याच्या अंगावर येतात. आपल्याकडेही शार्ङ्गधरानं दात हा हाडांचा उपधातू सांगितला आहे, तेव्हा चिन्यांना हसण्याचं कारण नाही.

इथे एक मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. आज आपल्याला माहीत आहे की ड जीवनसत्त्वाला त्याचं कामाचं रूप मूत्रपिंडात मिळतं आणि त्यावाचून हाडं नीट बनत नाहीत. लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, चिन्यांना हे दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं! नव्हतं ठाऊक. त्यांच्या 'मूत्रपिंडा'त वीर्य होतं, भीती होती, हिवाळा होता. दोन वाक्यं कानाला सारखी लागली म्हणून त्यांचा अर्थ एक होत नाही. हा खेळ आपण आपल्या ग्रंथांशीही फार खेळतो, आणि त्यात ग्रंथांचाच अपमान होतो असं माझं मत आहे.

आता घराकडे येऊ. कू-स्वे-बूचा सख्खा भाऊ सह्याद्रीत आहे. त्याचं मराठी नाव 'बाशिंग'. त्याला दोन तऱ्हांची पानं येतात. लांब हिरवी पानं वेगळी, आणि बुडाशी खोडाला चिकटून बसलेली, वाळून तपकिरी झालेली, पालापाचोळा गोळा करणारी पानं वेगळी. नवऱ्या मुलाच्या कपाळावर बाशिंग बांधावं तसं ते झाडावर दिसतं. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं दोघांचं कुळ एक, प्रजातीही एक, फक्त जाती निराळ्या. पण बघा, एकाच कुळातल्या दोन झाडांना दोन समाजांनी नावं दिली: एकानं त्याच्यात औषध पाहिलं, दुसऱ्यानं लग्न.

हाडांचं काम आपण दुसऱ्याच वेलीला दिलं. कांडवेल, हाडजोड, हाडसांधी, संस्कृतात अस्थिशृंखला. द्राक्षाच्या कुळातली. चौकोनी, मांसल कांडी, दर वितीवर सांधा. कुंपणावर लोंबताना पाहिली की हाडाला हाड जोडून ठेवलंय असंच वाटतं. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्तानं मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांसाठी जी औषधं सांगितली त्यात हाडजोड आहे, लाख आहे, गहू आहे, अर्जुनाची साल आहे, आणि ती घ्यायची तूप-दुधाबरोबर. चीनमध्ये सांध्यांसाठी अशीच आणखी एक वनस्पती आहे. तिच्या नावाचा अर्थ 'बैलाचा गुडघा', कारण तिच्या खोडाची पेरं फुगीर असतात. आपला आघाडा, जो आपण गणपतीला पत्रीत वाहतो, तो तिचा जवळचा नातलग. आणि तिथलंच एक झाड आहे, त्याची साल मोडली की दोन तुकड्यांमध्ये पांढरे चिकट धागे ताणले जातात, तुकडे सुटत नाहीत. ती साल कशावर देतात? कंबर, गुडघे, हाडं. सातव्या शतकातल्या सुन स्स-म्याओ या थोर वैद्याच्या सांधेदुखीच्या प्रसिद्ध काढ्यात पंधरा द्रव्यं आहेत. त्यात ही सालही आहे आणि बैलाचा गुडघाही आहे.

सगळीकडे एकच युक्ती दिसते तुम्हाला. जे हाडासारखं दिसतं ते हाडाला उपयोगी. आता आपल्या न्यायशास्त्रात सादृश्याला मान आहे, उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. पण नैयायिक फार चोख माणसं. गवय गाईसारखा असतो हे ऐकून रानात गेलेल्या माणसाला उपमानानं काय कळतं? समोरच्या प्राण्याचं नाव गवय आहे, एवढंच. तो दूध किती देतो हे कळत नाही. सादृश्यानं नाव मिळतं, कार्यशक्ती मिळत नाही. कार्यशक्तीसाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात: ते असताना झालं, आणि ते नसताना झालं नाही.

हाडाच्या बाबतीत गंमत अशी की व्यतिरेक मिळतच नाही. हाड मोडलं की तिथे रक्त साखळतं, मग मऊ सांधा तयार होतो, मग त्यात चुना भरत जाऊन तो कठीण होतो. हे शरीर स्वतःच करतं. रानातलं हरीणही लंगडत लंगडत बरं होतं, वाकडं का होईना. तुम्ही कांडवेल द्या, कू-स्वे-बू द्या, अंगारा लावा किंवा काहीच देऊ नका. दोन टोकं जवळ असतील आणि हलली नाहीत तर बहुतेक हाडं काही आठवड्यांत सांधतात. म्हणजे औषध दिलं आणि हाड जुळलं हा अन्वय दर वेळी हजर! हजार वर्षं, लाखो रोगी, आणि प्रत्येक जण साक्षीदार. अशा पुराव्यासमोर कोणाचीही खात्री पटेल.

नैयायिकांचं या जागी एक लाडकं उदाहरण आहे. घट तयार झाला. त्याआधी माती होती, चाक होतं, दंड होता, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. गाढव घटाच्या आधी होतं, दर वेळी होतं असंही म्हणा. मग गाढव घटाचं कारण का? नाही. ते अन्यथासिद्ध. त्याच्यावाचूनही घट झाला असता, माती डोक्यावरून आणली असती. माझा प्रश्न तुमच्यासमोर असा आहे: मोडलेल्या हाडाच्या गोष्टीत कू-स्वे-बू काय आहे? चाक, की गाढव?

गाढव असेल तर मग कुंभार कोण, हेही सांगावं लागेल. तो इतिहासात स्वच्छ दिसतो, फक्त आपण त्याच्याकडे बघत नाही.

थांग काळातच, नवव्या शतकाच्या मध्याला, लिन नावाच्या एका ताओपंथी साधूचं हाडांवरचं पुस्तक आहे. चीनमध्ये फक्त हाडमोडीवर लिहिलेलं ते पहिलं म्हणतात. पुस्तकाच्या नावात 'दिव्य पुरुषानं दिलेलं गुप्त औषध' वगैरे शब्द आहेत. आत बघावं तर बरंचसं हातांचं काम! निखळलेला खांदा खुर्चीच्या पाठीवर टेकवून कसा बसवायचा. देवदाराच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या पट्ट्या कशा लावायच्या. आणि पट्ट्या असतानाही सांधा अधूनमधून वाकवायचा, सरळ करायचा, नाहीतर तो आखडतो.

आपल्या सुश्रुतात चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय उघडा. पट्ट्यांसाठी कोणत्या साली? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड. ही यादी वाचताना गडचिरोलीच्या जंगलातून चालल्यासारखं वाटतं. पट्टी सैल बांधली तर सांधा पक्का होत नाही, फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू. म्हणून मध्यम बांधा. थंडीत सात दिवसांनी सोडून बांधा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मांडीचं किंवा पोटरीचं हाड असेल तर रोग्याला फळीवर निजवा आणि खुंट्या ठोकून पाय अडकवून ठेवा. तरुणाचं हाड महिन्यात जुळेल, मध्यम वयाच्या माणसाला दुप्पट वेळ लागेल, म्हाताऱ्याला तिप्पट. आणि मला सगळ्यात आवडतो तो हाताच्या तळव्याचा भाग: आधी शेणाचा गोळा धरायला द्या, मग मातीचा, आणि ताकद आली की दगड. आज सदरमधल्या कोणत्याही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुम्हाला रबराचा चेंडू देतात ना, तेच हे.

इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला इव्हान थॉमस नावाचा हाडवैद्य होता. पिढीजात. पदवीधर डॉक्टरांनी त्याला इतका त्रास दिला की त्यानं आपले पाचही मुलगे डॉक्टर केले. त्यातला ह्यू ओवेन थॉमस हा आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचा एक जनक मानला जातो. मांडीच्या हाडासाठी त्याची 'थॉमस स्प्लिंट' पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांना वाचवून गेली. त्यात औषध कुठलंही नव्हतं. लोखंडी कडं, दोन दांडे आणि ताण.

माझं आजोळ भंडाऱ्याकडचं. तिथे हाडं बसवणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना बाबाजी म्हणत. लहानपणी मी त्यांना काम करताना पाहिलं आहे. रोग्याशी गप्पा मारत मारत बोटांनी हाड चाचपायचे, आणि रोगी उत्तर देण्यात गुंतला की खटकन ओढायचे. मग बांबूच्या कामट्या, कापड आणि वरून एक हिरवा लेप. दर दोन दिवसांनी येऊन रोग्याच्या बोटांची नखं दाबून बघायचे, रंग परत येतो की नाही. लोक गावोगाव सांगायचे, बाबाजींचा लेप जबरदस्त आहे. त्या नखं दाबून बघण्याबद्दल मी कोणाला बोलताना ऐकलं नाही. आणि खरी विद्या तीच होती. कारण ज्याला लेप माहीत आहे पण नख दाबायचं माहीत नाही असा मनुष्य कामट्या घट्ट आवळतो, रक्त थांबतं, आणि चांगल्या पोराचा हात काळा पडून कापावा लागतो. अशा घटना आजही घडतात. कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा. म्हणून मी हाडवैद्यांचा सरसकट गौरव करणार नाही, सरसकट निंदाही नाही.

लेप शिकवता येतो, विकता येतो, पुडीत बांधता येतो. बोटांतली जाण पुडीत बांधता येत नाही. व्यापाराला जे उचलता आलं ते त्यानं उचललं आणि श्रेयही त्यालाच चिकटलं.

आता नागपूरचा धागा. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. पाच डॉक्टरांचं पथक १ सप्टेंबरला मुंबईहून बोटीनं निघालं. प्रमुख डॉ. अटल, आणि बरोबर डॉ. कोटणीस, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. सोलापूरच्या कोटणीसांना सगळा देश ओळखतो. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडेच वारले, वय बत्तीस. चोळकर १९३९ मध्ये परतले आणि नागपूरही त्यांना जवळजवळ विसरलं. या शहरात रस्त्यांना नावं देण्याची हौस पुष्कळ आहे, म्हणून सहज आठवण करून दिली.

यातले डॉ. बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला परत येऊन ती चिकित्सा त्यांनी भारतात सुरू केली. काय आलं बघा: पुडी आली नाही, हात आला. एक माणूस दुसऱ्या माणसापाशी बसून शिकला म्हणून आला. सुईनं नेमकं काय होतं हा वाद वेगळा, त्यात आज शिरत नाही.

त्याच सुमारास दोन देशांत दोन प्रयोग चालले होते आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म त्यात आहे. चीनमध्ये सरकारनं पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना देशी वैद्यक शिकायला लावलं. राजकारण होतंच त्यात, डॉक्टर कमी होते हेही होतं. त्यातून थ्येनचिन शहरात फांग श्येन-च्र आणि शांग थ्येन-यू या शल्यचिकित्सकांनी देशी हाडवैद्यांच्या पद्धतीचा अभ्यास केला. पाश्चात्त्य शिस्त अशी की मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे प्लास्टरमध्ये बंद करायचे. यांनी लाकडाच्या छोट्या लवचिक पट्ट्या वापरल्या, सांधे मोकळे ठेवले आणि रोग्याला लवकर हालचाल करायला लावली. क्ष-किरणानं हाड तपासत राहिले. १९६३ मध्ये त्यांनी हे काम चिनी वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजीतून मांडलं. लिन साधूच्या पुस्तकातलं वळणच हे, फक्त आता त्याला मोजमाप होतं. त्यांनी परंपरेतला हात उचलला.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा, स्वतः शल्यचिकित्सक, यांनी डॉ. प्रसाद यांच्याबरोबर हाडजोड वेलीवर काम केलं. १९६२ ते ६४ च्या दरम्यान त्यांचे निबंध आले. प्रयोगातल्या जनावरांची हाडं मोडून काहींना हाडजोड दिली, काहींना नाही. किरणोत्सारी कॅल्शियम वापरून नव्या हाडात चुना किती वेगानं भरतो ते मोजलं, जुळलेलं हाड किती ताण सोसतं ते पाहिलं. निष्कर्ष असा की हाडजोड दिल्यानं सांधा लवकर भरतो. नैयायिकांच्या भाषेत, उडुपांनी व्यतिरेक निर्माण केला. निसर्ग तो देत नव्हता, त्यांनी प्रयोगशाळेत घडवला. शिवाय प्रश्नही बदलला: 'हाड कोण जोडतं?' हा प्रश्न सोडून 'किती दिवस आधी?' असं विचारलं. चीनमध्येही पुढे कू-स्वे-बूमधली द्रव्यं वेगळी काढून प्राण्यांवर आणि पेशींवर खूप काम झालं. त्यातलं एक मुख्य द्रव्य नारिंजिन. पपनसाला कडवटपणा येतो तो त्याच्यामुळे. नागपुरी संत्र्यात शोधायला जाऊ नका, तिथे दुसरीच द्रव्यं आहेत. (हशा)

तेव्हा चाक की गाढव, या प्रश्नाचं माझं उत्तर: गाढव नाही, पण कुंभारही नाही. फार तर चाकाला घातलेलं तेल. फिरणं जरा सुकर होत असेल. तेवढ्यासाठी सम्राटानं नाव बदलावं इतकं ते मोठं नाही, आणि फेकून द्यावं इतकं क्षुद्रही नाही. मात्र तुमच्यापैकी कोणी हाड मोडल्यावर इतवारीतून कांडवेलीची पूड आणून खात असाल तर आधी हाड नीट बसलं आहे का ते चित्र काढून बघा. वाकडं बसलेलं हाड औषधानं लवकर जुळलं, तर ते लवकर वाकडं जुळेल.

आतापर्यंत मोडलेल्या हाडाचं बोललो. दुखऱ्या सांध्याचं प्रकरण वेगळं, आणि जास्त घातक. झिजलेला गुडघा हाडासारखा भरून येत नाही. तो दुखतो, मग चार दिवस बरा असतो, पाऊस आला की पुन्हा दुखतो. आपण म्हणतो वात. चिनीही म्हणतात वाराच. वारा, थंडी आणि ओल मिळून सांधे धरतात. दोन संस्कृतींनी आपापल्या अंगणात बसून एकच शब्द निवडला, कारण दुखणं खरोखरच वाऱ्यासारखं फिरतं. आणि फिरणाऱ्या दुखण्यावर औषध कधी घेतो आपण? सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा. त्यानंतर बहुधा ते उतरणारच असतं. श्रेय पुडीला.

याचं मोजमाप झालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन, आपल्या औषधांच्या दुकानात मिळतात तीच, तपासायची होती. काहींना नुसती पोकळ गोळी दिली, त्यात औषध काहीच नव्हतं. पोकळ गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साठ जणांना लक्षणीय आराम वाटला! दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत ते प्रमाण सुमारे सदुसष्ट, आणि हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता आला नाही. शंभरातले साठ. शेजारचे काका सांगतात ना, मला अमक्या पुडीनं फरक पडला, ते खोटं बोलत नसतात. ते त्या साठांतले असतात.

मग या बाजारात उठून दिसायचं कसं? साठांवर ज्याचा आकडा जाईल तो जिंकणार. एक चिनी गोळी होती, तिच्या नावाचा अर्थ 'वाऱ्याचा पाठलाग करणारी, हाडात शिरणारी'. १९७५ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात डॉक्टरांनी लिहिलं की अशा 'वनौषधी' गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. गोळ्यांत अमिनोपायरिन आणि फेनिलब्युटाझोन ही आधुनिक वेदनाशामकं निघाली, लेबलावर न लिहिलेली. वारा पळत होता तो त्यांच्यामुळे. आपल्याकडे याचा देशी अवतार म्हणजे स्टेरॉईड मिसळलेलं चूर्ण. दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक वाढते, चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ होतात. हाडांचं औषध हाडं खातं. म्हणून बिननावाची पुडी फार झटपट गुण देत असेल तर आनंदू नका, घाबरा.

शेवटी वारा आपल्या दारात कसा येतो ते सांगतो. चिनी कल्पनेत ढग ड्रॅगनच्या मागे जातात आणि वारा वाघाच्या मागे. वाघ वाऱ्याचा मालक. मग सांध्यातला वारा कोण हटवणार? वाघाचं हाड. ली शृ-चनच्या कोशात हा तर्क आहे. दारूत मुरवलेलं वाघाचं हाड संधिवातावर शतकानुशतकं दिलं गेलं. पुन्हा तेच सादृश्य, पण आघाड्याची पेरं कुंपणाला पुष्कळ असतात, वाघ नसतात. १९५० च्या दशकात चीननं वाघ हा उपद्रवी प्राणी ठरवून मारला. तिथला साठा संपला तशी मागणी हिमालय ओलांडून इकडे आली. पूर्वी आपल्याकडे शिकारी कातड्यासाठी वाघ मारत आणि हाडं रानात टाकून देत. आता हाडं गोळा होऊ लागली. १९९३ साली दिल्लीत शेकडो किलो हाडं पकडली गेली. त्याच वर्षी चीननं वाघाच्या हाडाच्या व्यापारावर बंदी घातली आणि आपल्या औषधकोशातून ते काढून टाकलं. २०१० मध्ये चिनी वैद्यकाच्या जागतिक महासंघानंही आपल्या वैद्यांना ते वापरू नका म्हणून सांगितलं.

तरी २०१३ मध्ये मेळघाटात आणि आपल्या भोवतालच्या जंगलांत शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी वाघ मारल्याची प्रकरणं बाहेर आली. लोखंडी सापळे पाणवठ्याच्या वाटेवर लावलेले. मेळघाट हा १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला, हे विसरू नका. पकडली गेली ती भटकी, गरीब माणसं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जमातीचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं. पण वाघाच्या हाडाचा पैसा त्यांच्या पालावर राहत नाही, आणि एका जमातीच्या माथी सगळं मारून आपण दलालाला मोकळा सोडतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये चीन सरकारनं संशोधन आणि औषधासाठी, पाळीव वाघांच्या हाडांपुरती, बंदी सैल करायचं जाहीर केलं. जगभर ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये तो निर्णय पुढे ढकलला. पुढे ढकलला हा शब्द नीट ऐका. आणि २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला वाघांच्या शिकारीच्या मोठ्या टोळीतला एक माणूस पकडला गेला. इथून गाडीनं निघालात तर संध्याकाळच्या चहाला राजुऱ्याला पोचता, इतकं ते जवळ आहे.

मला दिलेला वेळ संपला. प्रश्न असतील तर बसल्या जागेवरून विचारा. माझे गुडघेही आता उभं राहू देत नाहीत, तेव्हा उत्तरं मी बसून देईन.